दामू, तुला आम्ही उचललं

दामू,

काल तुला आम्ही नीट नेलं. आडवं, पाठ सरळ, मानेखाली घडी, चौघांची पावलं सारखी. महादू ड्रेसर पुढच्या डाव्या बांबूला होता. नदीची उतरण लागली तसा तो ओरडायला लागला, "हळू, हळू. पाठ वाकू देऊ नोका." मागून कुणीतरी पुटपुटलं, मेलेल्याची पाठ वाकली तर काय व्हायचं आहे. महादूने वळूनसुद्धा पाहिलं नाही. चौदा महिन्यांपूर्वी तो हेच ओरडत होता. तेव्हा तू जिवंत होतास आणि आमच्यापैकी एकानेही त्याचं ऐकलं नव्हतं.

चळवळीच्या समितीचे लोक स्मशानातूनच माझ्याबरोबर घरी आले. म्हणाले, "दोन पानं लिही. हुतात्मा हा शब्द पहिल्या ओळीत येऊ दे. आणि ते मागचं चित्र पुन्हा काढ, लोकांना फार आवडलं होतं." तुझं घराणं, तुझं वावर किती एकर, तू किती इयत्ता शिकलास, मागे कोण कोण आहे, हे सगळं त्यांना हवं आहे. त्यातलं मी काही लिहिणार नाही. मला जे लिहायचं आहे ते तुझ्याखेरीज कुणाला उद्देशून लिहिता येत नाही. दुसऱ्या कुणासाठी लिहायला बसलो की माझी लेखणी आपोआप भाषण करू लागते. तुझ्यापुढे तिची कधी तेवढी छाती झाली नाही.

मी पत्रकांवर वाढलो, हे तुला ठाऊक आहे. वडील शाळामास्तर. घरात पोथ्या कमी आणि पत्रकं जास्त. मुळाक्षरं गिरवली ती जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि कागद उलटला की वाचायला मिळायचं: उठा, जागे व्हा, धिक्कार असो. बरीच वर्षं मला वाटायचं की मोठी माणसं एकमेकांशी असंच बोलतात. तू पहिला भेटलास जो तसं बोलत नव्हता. पत्रकांचे गठ्ठे आगगाडीने मलकापूरला यायचे आणि तू ते सरकीच्या पोत्यांत दडवून, बैलगाडीने घाट चढवून आणायचास. गठ्ठा माझ्यापुढे टाकून त्यातला एक कागद उचलायचास, उभ्या उभ्या वाचायचास आणि त्यातच तंबाखूची पुडी बांधायचास.

"यात नवं काय लिहिलं बे?" तू विचारायचास. "मागल्या खेपेलेही सरकार शेवटच्या घटका मोजून राह्यलं होतं. किती मोजते लेकाचं!"

मी चिडायचो. त्या पोत्यांसकट सापडला असतास तर तुरुंगात तू गेला असतास, मी नाही, हे मला चिडताना आठवायचं नाही. वाचणारा मी होतो, वाहणारा तू. मग गठ्ठे यायचे बंद झाले, मी कडब्याच्या गंजीत सायक्लोस्टाइलचं यंत्र लपवलं आणि स्वतः लिहायला लागलो. माझी पत्रकंही तूच वाहिलीस. त्यांतही तू तंबाखू बांधलीस.

आता तो दिवस.

बाजाराचा दिवस होता पण हरताळ होता. दुकानांना फळ्या लावलेल्या. मिरवणूक चावडीपुढे आली आणि पोलिसांनी गोळी चालवली. तू माझ्यापुढे दोन हातांवर होतास. तू पडलास तेव्हा मला वाटलं ठेच लागली. सदऱ्याला पाठीवर, कमरेच्या जरा वर, एक बारीक भोक होतं आणि रक्त इतकं थोडं की मला धीर आला. रक्त जास्त असतं तर मी घाबरलो असतो, आणि घाबरलो असतो तर बहुतेक शहाण्यासारखा वागलो असतो.

तू पालथा पडला होतास. म्हणालास, "येशा, पाय जळून राह्यले बे. माही वहान काढ."

मी तुझ्या डाव्या पायातली वहाण काढली. काढताना माझं नख तळव्याला लागलं आणि तू पाय मागे ओढलास. अंगठा वाकला, पुन्हा सरळ झाला. हे मी पाहिलं. चौदा महिने मी ते पाहिलं नसल्यासारखं वागलो, म्हणून आज स्वच्छ लिहितो: गोळी लागल्यानंतर तुझा पाय हलत होता.

तेवढ्यात महादू आला. सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर, खाकी चड्डी, केस पांढरे. मागल्या जर्मन लढाईत त्याने पलटणीबरोबर बसऱ्याला जखमी वाहण्याचं काम केलं होतं, एवढं गावाला माहीत होतं, पण त्याचा उपयोग आम्ही फक्त थट्टेसाठी करायचो. त्याने एका बंद दुकानाची फळी उपटून आणली होती. ती फळी डोक्यावर धरून तो गर्दीतून घुसला. "कोनी हात लावू नोका. पाठीत लागलेल्याले आधी फळी पाहिजे. पाठ वाकली त सारं गेलं."

फळी पाहून लोक मागे सरले. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "जित्या मानसाले चौघांनी आडवं नेत नसतात." दुसरा म्हणाला, "तिरडी बांधून राह्यला का बे, डरेसर?" ते सगळ्यांना पटलं. आपल्याकडे आजारी माणसाला पाठुंगळी नेतात, खाटेवर नेलंच तर पावलं मुद्दाम वेगवेगळी टाकतात, एक खांदा मोकळा सोडतात. चौघांच्या खांद्यावर फळीवर आडवा फक्त मेलेला जातो. अंधश्रद्धेविरुद्ध मी स्वतः दोन पत्रकं लिहिली होती. त्या वेळी बोलायला हवं होतं ते मीच.

मी बोललो. मी म्हणालो, "सरकारची भाकर खाणाऱ्याने आमच्या माणसाला हात लावायचा नाही." मग म्हणालो, "बसवा त्याला. खांद्यावर घ्या. आमचा माणूस आडवा पडलेला नाही, हे दिसू दे त्यांना."

महादूने माझं मनगट धरलं. त्याची पकड मला आत्तासुद्धा आठवते. "भाऊ, याचा पाय हलून राह्यला. मी पाह्यला. हा मानूस चालू शकते. तुमच्या पाया पडतो, याले बसवू नोका." मी हात झटकला. कुणीतरी त्याला ढकललं. तो फळीसकट धुळीत बसला आणि लोक हसले. मीही हसलो असेन. मला आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणजे हसलोच असेन.

तुला उठवून बसवताना तू ओरडलास. तो ओरडा आम्ही जयजयकारात बुडवला. मी आणि तिघेजण. तू आमच्या खांद्यांवर, हातात झेंडा, तुझा डावा पाय माझ्या छातीवर लोंबता. बाजाराच्या या टोकापासून देवळापुढच्या मैदानापर्यंत आम्ही तुला मिरवलं. त्या रस्त्यावर काय झालं ते मी शेवटी सांगणार आहे. ते लिहायला अजून हात वळत नाही.

मैदानात तुला खाली ठेवलं. तुझं तोंड मातीसारखं झालं होतं. तू विचारलंस, "वहान काढली का बे?"

"काढली ना. मघाशीच."

"मंग मले काऊन समजत नाई?"

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. तुला मोठ्या इस्पितळात नेणारी गाडी गावाबाहेर पडली असेल नसेल, मी स्टेन्सिल कापायला बसलो. मथळा: कणा मोडला, बाणा नाही. खाली चित्र मीच कोरलं, तू खांद्यांवर ताठ बसलेला, झेंडा उंच. आणि हे वाक्य: ‘कण्यात गोळी घेऊनही हा वीर आडवा झाला नाही, ताठ बसून त्याने शत्रूला पाठ दाखवली नाही.’ गोळी पाठीतच लागली होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. ते पत्रक जितकं फिरलं तितकं माझं दुसरं काही फिरलं नाही. घाटाखाली गेलं, शेगावच्या यात्रेकरूंच्या गाठोड्यांतून पार कुठे कुठे गेलं. लोकांनी ते देव्हाऱ्यात लावलं. तू तेव्हा इस्पितळात पडून होतास, लघवी आपोआप होत नव्हती म्हणून रबराची नळी घातलेला, आणि तुझ्या खाटेशी एक शिपाई बसवला होता, आरोपी पळून जाईल म्हणून. ज्याला कूस बदलता येत नव्हती त्याच्यावर पहारा! तू त्याला म्हणालास, "जमादार, मी पळालो त मले पहिले सांगजा. मलेही पाह्याचं हाय." तो बिचारा हसावं की नाही या विचारात उठून बाहेर गेला.

डॉक्टरने तुझ्या पाठीचा फोटो उजेडाला धरून मला दाखवला. गोळी कण्याच्या बाजूला थांबली होती. तिने मणक्याची कड फोडली होती, आणि फुटलेल्या हाडाची कपची आतल्या मज्जारज्जूत घुसली होती. गोळी काढून काही साधणार नाही, तो म्हणाला, जे करायचं ते हाडाने केलं. मग त्याने विचारलं, "याला आणलं कसं?"

"गाडीत."

"आणि गाडीत घालण्याआधी?"

मी फोटोकडे पाहू लागलो. त्याने तो खाली ठेवला आणि म्हणाला, "तसं नक्की कुणी सांगू शकणार नाही. गोळीनेही झालं असेल." माणूस भला होता. ते वाक्य मी ताईतासारखं दंडाला बांधलं.

शेवटी शिपाई उठवला आणि तुला घरी पाठवलं. आता करण्यासारखं काही नाही, असं सांगून. दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात महादू उभा. कुणी बोलावलं नव्हतं. ज्या धुळीत आम्ही त्याला ढकललं तिचं नावही त्याने काढलं नाही. तुझ्या खाटेची सुंभाची वीण कापून टाकली, फळ्या घातल्या, वर रुईची, पिंजलेल्या कापसाची, गादी घातली. तुझ्या मायला शिकवलं: दर दोन तासांनी कूस बदलायची. तिघांनी. एकाचा हात खांद्याखाली, एकाचा कमरेखाली, एकाचा गुडघ्याखाली, आणि तोंडाने एक-दोन-तीन म्हणून एकदम, ओंडका लोटतात तसं. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. नळी रोज उकळायची. चादरीला सुरकुती राहता कामा नये, कारण तुला सुरकुती समजणार नव्हती आणि कातडीला समजणार होती.

"मी ओंडका, माय सुतार," तू म्हणायचास. "पाहा बरं माय, देव्हारा करशीन का पाट?"

"मुसळ करीन तुह्या तोंडात घालाले," ती म्हणायची, आणि तीन म्हटलं की लोटायची.

मी दुपारचा यायचो. कापूस वेचायचे दिवस होते, घरातली सगळी वावरात. एक दुपार माझ्या अंगावर सोपवून ती गेली. शेजारच्या दोघांना हाक मारायची आणि कूस बदलायची, एवढंच काम. मी तुझ्या खाटेच्या कडेला बसून पत्रक लिहीत होतो. तुझ्यावरच. दिवेलागण झाली तेव्हा तुझी माय आली आणि तिने विचारलं, कोणत्या कुशीवर होता. ज्या कुशीवर ती ठेवून गेली होती त्याच कुशीवर तू होतास. मी तुला म्हणालो, "मला सांगायचं नाहीस का?" तू म्हणालास, "तू लिहून राह्यला होता."

माकडहाडाजवळची ती जखम त्या दुपारची. आधी बोराएवढी लाल. मग काळी. मग तिच्यात महादूचा अख्खा अंगठा जाऊ लागला. तो लाल औषधाच्या पाण्याने धुवायचा, मेलेलं मांस कात्रीने कापायचा, आणि तू त्याच वेळी त्याच्याशी बैलांच्या गोष्टी करायचास, कारण तुला काहीच समजत नव्हतं. वास मात्र यायचा. मी दाराकडे तोंड करून बसायचो. तू ते पाहिलंस आणि एकदाही बोलला नाहीस. इतर बाबतींत तू मला कधी सोडलं नाहीस, त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. तुझ्याइतकं खरं मला कुणी ऐकवलं नाही.

ते चित्राचं पत्रक तुझ्या हातात पडलं ते अशाच एका दुपारी. तू दोनदा वाचलंस.

"हे कोनं लिहिलं?"

"मी."

"‘आडवा झाला नाही.’" तू बोट ठेवून वाचलंस. "लेका, आडवा झालो असतो त आज वावरात असतो."

म्हणजे महादूने तुला सांगितलं होतं. मी कबूलही केलं नाही आणि नाकारलंही नाही. डॉक्टरचं वाक्य काढलं. नक्की कुणी सांगू शकत नाही, म्हणालो.

"नक्की नसू दे," तू म्हणालास. "पन आता दुसरं लिही. लिही का असं लागलेल्याले उचलू नोका, फळी आना, आडवं न्या. माहं नाव घाल. मी चुकीनं मोडलो म्हून लिही."

मग आपलं भांडण सुरू झालं, ते संपलं नाही. मी म्हणालो, सरकार हेच छापून वाटेल, चळवळवाल्यांनी आपलाच माणूस मोडला म्हणून. तू म्हणालास, खोटं हाय का? मी म्हणालो, गोळी त्यांनी घातली. तू म्हणालास, "गोळी त्याहीचीच. पाय तुम्ही नेले." मी म्हणालो, लढाई चालू असताना सगळी सत्यं सांगायची नसतात, स्वराज्य आलं की सांगू.

"खरं बोलाले तुले आधी स्वराज्य पाह्यजे का?"

उत्तर नसलं की मी काय करतो हे तुला माहीत आहे. मी मोठं वाक्य शोधतो. मी म्हणालो, "एका बाजूला तुझे दोन पाय आणि एका बाजूला देश. तूच सांग."

हे मी म्हणालो, दामू. तुझ्या उशाशी बसून. घाणीत, वासात, तुझ्या नळीच्या भांड्याशेजारी बसून मी हे वाक्य म्हणालो, आणि क्षणभर मला ते वाक्य आवडलंसुद्धा.

तू म्हणालास, "कूस बदल माही." मी हाका मारून दोघांना बोलावलं. एक, दोन, तीन. तुझं तोंड भिंतीकडे झालं.

पावसाळ्यात महादूची बदली झाली. आरोपीच्या घरी जाऊन मलमपट्टी करतो म्हणून त्याला घाटाखालच्या एका दवाखान्यात धाडलं. श्रावणात तो एक दिवस रजा काढून आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला. त्या भागात मिरवणुकीवर गोळी चालली होती. एका तरुण माणसाला कमरेत लागली होती.

"त्याले बी बसवून आनलं," महादू म्हणाला. "खांद्यावर. हातात झेंडा. मी पहिलेच म्हनलो, फळी आना. त मलेच कागद दाखवला त्याहिनं. म्हने, हे पाहा, असंच न्याचं असते."

त्याने खिशातून घडी काढली. माझं पत्रक. तू खांद्यांवर ताठ बसलेला. एक कोपरा तपकिरी झाला होता. ते त्याने मला दिलं नाही, तुला दिलं.

"पाय हलत होते का त्याचे?" तू विचारलंस.

"पडला तवा हलत होते म्हंतात."

"जगला का?"

"नऊ दिवस."

मी तिथेच होतो. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. मी काहीतरी बोललो असेन, मुद्द्याचं, सरकारबद्दल. तू कागदाची घडी नीट केलीस आणि उशाखाली ठेवलीस. त्या दिवसानंतर तू माझ्याशी भांडला नाहीस. मी आलो की विचारायचास, चहा घेतला का, पाऊस कसा आहे. एकदा तू मला "बसा" म्हणालास. लहानपणापासून मला येशा म्हणणारा तू. मला वाटतं त्या एका शब्दाइतकं कुणी मला मारलेलं नाही, आणि मी पोलिसांचा मार खाल्लेला आहे.

मी तेव्हा का लिहिलं नाही? तेव्हा तर लिहायलाच हवं होतं. सांगतो. आधी फक्त तुझे पाय होते. आता एक मेलेला माणूस होता, ज्याला मी कधी पाहिलं नाही आणि ज्याला मी पत्रकातून हात लांब करून मारलं. तुझ्या पायांची कबुली देणं कठीण होतं. त्याची कबुली देणं मला शक्यच वाटेना. माणूस एक पाप कबूल करत नाही म्हणून दुसरं करतो, हे मी सरकारबद्दल किती वेळा लिहिलं आहे.

गेल्या आठवड्यात ताप चढला. लघवीत पू होता, पाठ उघडी पडली होती. महादू पुन्हा रजा काढून आला, त्याने पाहिलं आणि तो बाहेर ओट्यावर डोकं धरून बसला. शुद्धीवर होतास त्या शेवटच्या दिवशी तू मला जवळ बोलावलंस. "येशा" म्हणालास, पुन्हा तसंच, पहिल्यासारखं.

"तवा माहा पाय तुह्या छातीवर होता. तुले काही समजलं का बे? कोन्या जागी गेला तो?"

"नाही," मी म्हणालो. "गर्दीत काय समजतं?"

"बरं," तू म्हणालास.

मरणाऱ्या माणसाने विचारलेलं एवढंच. त्याच्याशीही मी खोटं बोललो.

आज सकाळी मी स्टेन्सिल कापली. मथळ्यात जयजयकार नाही. तू सांगितलं होतंस तेच, जवळजवळ तुझ्याच शब्दांत: पाठीत लागलेल्याला उठवू नका, बसवू नका, चालवू नका. दाराची, दुकानाची, गाडीची, मिळेल ती फळी आणा. तिघांनी एकदम लोटून फळीवर घ्या. आडवं न्या, सावकाश न्या, घोषणा देऊ नका. आडवा फक्त मेलेला जातो असं म्हणणाऱ्याला दूर करा. खाली तुझं काय झालं ते, त्या दुसऱ्याचं काय झालं ते, बसवायचा हुकूम कुणाचा होता ते, आणि माझं नाव. समितीच्या माणसाने वाचलं आणि म्हणाला, "हे बाहेर गेलं तर तू आमचा नाहीस." मी म्हणालो, नाही तर नाही. तो म्हणाला, उद्या सरकारचे लोक हेच कचेरीच्या भिंतीवर लावतील. लावू देत. गोळी त्यांची होती, हेही त्यात लिहिलेलं आहे. तेवढी ओळ खरवडून लावतात का ते पाहू.

पण वाटण्याआधी मी तुझ्या मायकडे गेलो. तिला वाचता येत नाही. बाजारातून तिच्या कानावर जायला नको होतं.

ती तुझ्या उशा उसवत होती. मी सगळं सांगितलं. वहाण, अंगठा, फळी, मी काय म्हणालो, महादूला कसं ढकललं. ती रुई पिंजत राहिली. मग मी रस्ता सांगितला, जो तुला सांगितला नाही, कुणालाच सांगितला नाही.

दामू, आम्ही तुला घेऊन निघालो तेव्हा तुझा पाय जिवंत होता. प्रत्येक पावलाला तुझी टाच माझ्या बरगडीत रुतत होती. तू जोर लावत होतास, घोड्यावरचा माणूस तोल धरतो तसा. तेल्याच्या घरापुढे नाली आहे. आम्ही चौघांनी एकदम उडी मारली. तू वर गेलास आणि खाली आलास, आणि तुझी टाच माझ्या छातीवर पडली ती ओल्या फडक्यासारखी. त्यानंतर ती रुतली नाही. मला त्याच क्षणी समजलं. डॉक्टरच्या आधी, महादूच्या आधी, तुझ्या आधी. आणि मी पुढची घोषणा दिली.

तुझ्या मायचे हात थांबले. "कोन्या जागी?"

"तेल्याच्या घरापुढं. नालीवर."

"दाखव."

सुतकातली बाई, कालच पोराला पोचवलेलं, ती डोक्यावर पदर घेऊन बाजाराच्या रस्त्याने माझ्यापुढे चालू लागली. लोक ओट्यांवरून उठून पाहत होते. मी नाली दाखवली. ती काठाशी उभी राहिली, वाकून पाहिलं. मग एक पाय पलीकडे टाकला आणि उभी राहिली, एक पाय इकडे, एक तिकडे, मध्ये वीतभर काळं पाणी.

"एवढीशीच?" ती म्हणाली.

तिने मागचा पाय उचलून पलीकडे टाकला.

"एवढ्यासाठी उडी काऊन मारली रे तुम्ही? पाय टाकला असता त झालं असतं."

घोषणेचा ताल तुटू नये म्हणून. हे मी तिला सांगू शकलो नाही. तुला सांगतो.